पाचवा हात

माझं अक्षर चांगलं आहे. हे फुशारकी मारायची म्हणून सांगत नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून सांगते. मी पार्सलच्या दुकानात काम करते. लोक खोकी घेऊन येतात, मी ती चिकटपट्टीनं बांधते, काट्यावर ठेवते आणि जाड पेनानं वर पत्ता लिहिते. दिवसाला साठ-सत्तर पत्ते होतात. माझ्या अक्षरामुळे आजवर एकही खोकं चुकीच्या दारात गेलेलं नाही. म्हणून मला सगळे 'पत्ता' म्हणतात.

आमच्या टोळीतल्या बाकीच्या चौघांपैकी तिघंही आपापल्या धंद्याच्या नावानंच ओळखले जातात. 'काटा' घड्याळं दुरुस्त करतो. तो अंगानंही काट्याएवढाच आहे, आणि कुठेही पाच मिनिटं आधी पोचून बाकीच्यांना टोमणे मारायची त्याला वाईट खोड आहे. 'भट्टी' बेकरीत कामाला आहे. तिचं नाव कामावरून पडलं की स्वभावावरून, यावर अजून वाद आहे. 'शिट्टी' पोहण्याच्या तलावावर गळ्यात शिट्टी अडकवून उंच खुर्चीत बसतो आणि बुडणाऱ्यांची वाट पाहतो. आणि चौथा माझा सख्खा मोठा भाऊ, दादा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला टोपणनाव नाही, कारण ते ठेवायची कुणाची छाती नाही.

सगळं सुरू झालं ते शिट्टीच्या आगाऊपणातून. तलावाच्या दाराशी एका संस्थेनं टेबल मांडलं होतं. दूरदेशीच्या एका हुशार विद्यार्थ्याला दत्तक घ्या, त्याचं शिक्षण पूर्ण करा, असा फलक होता. टेबलामागे बसलेली मुलगी दिसायला बरी असावी, कारण आमच्या पठ्ठ्यानं फॉर्म न वाचताच सही ठोकली. घरी येऊन वाचला तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले. एकट्याच्या पगारात ते बसणारं नव्हतं. तोंड पाडून तो आमच्याकडे आला. आधी आम्ही त्याला पोटभर हसलो आणि मग पाच जणांनी ते ओझं वाटून घेतलं.

फॉर्मवर जागा एकाच माणसाची होती. संस्थेच्या नियमानं नावं कळवायची नाहीत, फक्त नंबर द्यायचा. आम्ही पाच जण मिळून झालो 'पालक क्रमांक चारशे बारा'. आमच्यातला सगळ्यात मोठा दादा, तोही तेवीस वर्षांचा. पालक म्हणे!

आमच्या वाट्याला जी आली ती सोळा वर्षांची होती. डोंगराळ मुलखात, घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर असलेल्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती. दादानं पहिल्या दिवसापासून तिला 'आपली पोर' म्हणायला सुरुवात केली, जशी काही त्यानंच तिला अंगाखांद्यावर खेळवली होती.

महिन्याला एक पत्र पाठवता येत असे. संस्था कागद द्यायची, एकच, दोन्ही बाजूंनी रेघा आखलेला. सोबतच्या पत्रकात सूचना होती: मजकूर एकाच, सुवाच्य अक्षरात असावा. भाषांतर करणाऱ्या बाईंची नजर अधू होती म्हणे. मग दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आमचं दुकान बंद असताना, मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांवर बसून आम्ही पत्र लिहायचो. म्हणजे लिहायचे मी. बाकीचे आपापला मजकूर चिठ्ठीवर खरडून आणायचे आणि मी तो कागदावर उतरवायचे.

"तूही चार ओळी लिही की गं," भट्टी म्हणायची.

"मी काय लिहू? आज अडुसष्ट खोक्यांवर पत्ते टाकले?" मी म्हणायचे, आणि खरोखरच मला दुसरं काही सुचायचं नाही. भट्टी पहाटे चारला उठून दोनशे माणसांचं पीठ मळते. काटा श्वास रोखून केसाएवढी स्प्रिंग बसवतो. दादा अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर बसून डबा खातो, खाली नुसता अंधारा खड्डा. शिट्टीनं एकदा एका मुलाला पाण्यातून ओढून काढलं होतं. (पाणी त्या मुलाच्या कमरेइतकं होतं आणि त्याच्या पोटरीत फक्त गोळा आला होता, हे शिट्टीच्या चिठ्ठीत नव्हतं.) यांच्यापुढे माझी चिकटपट्टी ती काय!

पण कागदावर सत्ता माझी. समास सोडायचा, ओळ वाकडी जाऊ द्यायची नाही, आणि मला कोरी जागा सहन होत नाही. आमच्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलंय, खोक्यात रिकामी जागा राहिली की माल खडखडतो. मी पत्रही तसंच भरायचे, ठासून. एकाचं संपलं की त्याच ओळीत दुसऱ्याचं सुरू. प्रत्येकानं चिठ्ठीत 'मी' लिहिलेलं असायचं, मीही 'मी'च उतरवायचे. मी पहाटे चारला पीठ मळते. मी काल तीस वर्षं बंद असलेलं घड्याळ चालू केलं. मी आज दुपारी लिफ्टच्या टपावर बसून जेवलो. मी संध्याकाळी एका मुलाचा जीव वाचवला. कळवावे, लोभ असावा, पालक क्रमांक चारशे बारा. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हे वाचणाऱ्याला कसं दिसेल.

तिची उत्तरं नियमानं यायची. वर संस्थेच्या बाईंनी टाइप केलेलं भाषांतर, खाली टाचलेलं तिचं मूळ पत्र, तिच्या लिपीत. तो खालचा कागद आम्ही कधी उलटूनही पाहिला नाही. आमची पत्रंही तिला तशीच मिळत, मूळ आणि भाषांतर एकत्र टाचून.

सुरुवातीला ती दोन-चार ओळीच लिहायची. हळूहळू पत्रं लांबली. एकदा लिहिलं, मीही आता पहाटे चारला उठते आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पीठ मळायला मदत करते. भट्टी महिनाभर हवेत होती. मग लिहिलं, नदीत पोहायला शिकतेय, पाणी इतकं गार की दात वाजतात. शिट्टीनं ते पत्र तलावावर सगळ्यांना वाचून दाखवलं. मग तिनं वसतिगृहाचं बंद घड्याळ उघडलं. ते परत जोडल्यावर तीन स्क्रू उरले, तरी ते चालतंय, असं कौतुकानं कळवलं. काटा दोन दिवस त्या तीन स्क्रूंचाच विचार करत होता. दादासाठीही होतं: गावातल्या गिरणीच्या मालवाहू पाळण्याचा दोर तिनं गिरणीवाल्याबरोबर बदलला. प्रत्येकाला वाटलं, पोर आपल्यावरच भाळली आहे. चौघेही मनातल्या मनात भाव खात होते, आणि मी फाइलला पत्रं लावत होते.

दोन वर्षं अशी गेली. मग ते पत्र आलं.

तो रविवार मला लख्ख आठवतो. नेहमीप्रमाणे मी वाचत होते आणि बाकीचे ऐकत होते.

"आदरणीय पालक, सतरा आठवड्यांनी माझी परीक्षा आहे. शिक्षक होण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळण्यासाठी ती एकदाच देता येते. मिळाला तर संस्था पुढे शिकवेल. नाही मिळाला तर मी घरी परत जाईन आणि शिक्षण संपेल. माझे शिक्षक म्हणतात, इतक्या गोष्टी करू नकोस, एका विषयाकडे लक्ष दे, नाहीतर परीक्षेला बसू नकोस. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. म्हटलं, माझे पालक पहाटे पीठ मळतात, दिवसा घड्याळं दुरुस्त करतात, दुपारी उंच इमारतीत लिफ्टवर चढतात आणि संध्याकाळी माणसांना बुडताना वाचवतात. एक माणूस एवढं करतो, तर मला का जमू नये? पण मला खूप लाज वाटते. मी थकते. रोज तीन तास झोपते तरी काम संपत नाही. मागच्या आठवड्यात वर्गात चक्कर येऊन पडले. तुम्ही थकत कसे नाही, एवढं मला सांगा. मी तसं करून बघेन."

शेवटच्या ओळी मी कशा वाचल्या, मला माहीत नाही.

शिट्टी आधी हसायला गेला आणि त्याचं हसू तोंडातच विरलं. भट्टीनं दोन्ही हात कपाळावर मारून घेतले.

"तिला वाटतंय आपण एकच आहोत," काटा हळूच म्हणाला.

मी उठून फाइल काढली आणि तिची पत्रं पहिल्यापासून ओळीनं मांडली. आजवर प्रत्येकानं आपापला तुकडा ऐकला होता. सगळी एकत्र मांडल्यावर मला पहिल्यांदा दिसलं काय झालंय ते. आम्ही पाच जण मिळून जेमतेम एक माणूस झालो होतो, आणि ही पोरगी एकटी तो माणूस व्हायला निघाली होती. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे ती जवळजवळ झालीच होती. पीठ, पाणी, घड्याळ, पाळणा, आणि वर अभ्यास. सगळं एकटीनं, थंडीत, तीन तासांच्या झोपेवर. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी स्वतःची इतकी चीड आली की विचारू नका. ती ठासून भरलेली पानं माझी होती.

मग भांडण जुंपलं. शिट्टीचं म्हणणं, सांगायचं नाही. "परीक्षा तोंडावर आलीय तिची. आता कळलं की असा माणूसच नाही, तर हातपाय गाळेल ती. नंतर सांगू."

"नंतर कशाला, वरात निघाल्यावर?" भट्टी कडाडली. "तिकडे पोर चक्कर येऊन पडतेय!"

"नुसतं लिहू, विश्रांती घे म्हणून," दादा म्हणाला. "पालकांनी सांगितलं तर ऐकेल."

"ऐकणार नाही," मी म्हटलं. "जो माणूस स्वतः कधी झोपत नाही, त्यानं झोप म्हटलेलं कोण ऐकेल?"

काट्यानं बोटांवर मोजलं. हे पत्र यायलाच पाच आठवडे गेलेले, परीक्षेला आता बारा उरले. पत्र जायला पाच आठवडे, यायला पाच. परीक्षेआधी आमच्या हातात एकच पत्र होतं. तिचं उत्तर पाहून दुसरं पाठवायची, सारवासारव करायची सोय नव्हती.

"खरं लिहायचं," मी म्हटलं. "आणि या वेळी मी लिहिणार नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहा, म्हणजे तिला डोळ्यांनी दिसेल. नियम गेला चुलीत."

दादानं माझ्याकडे पाहिलं. घरी मी त्याच्यापुढे कधी आवाज चढवत नाही. त्यानं गुपचूप पेन उचललं.

मग चौघांनी लिहिलं. भट्टीनं लिहिलं की ती दुपारी जेवली की सरळ आडवी होते, रोज, दोन तास. काट्यानं लिहिलं की त्याला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते. दादानं लिहिलं की त्याला साधा चहा करता येत नाही, आणि मग बराच वेळ थांबून लिहिलं, तू आमच्यापेक्षा मोठी आहेस. शिट्टीनं कबूल केलं की पाणी कमरेइतकंच होतं. ते लिहिताना त्याचे कान लाल झाले होते.

कागद भरला. माझ्यासाठी जागा उरली नव्हती, आणि मला काही कबूलही करायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. पाकिटावर पत्ता तेवढा लिहिला. तोही संस्थेचाच.

तीन दिवसांनी संस्थेच्या बाईंचा फोन आला; त्यांच्याकडे आमचा पत्ता आणि नंबर दुकानाचाच होता.

"ते शेवटचं जे आहे, ते कुठल्या भाषेत आहे हो?"

मी त्यांना शिट्टीचा मजकूर आठवून सांगितला. तो आधी त्याच्याकडून वाचून घेतला होता म्हणून जमलं.

"म्हणजे तुम्ही चौघं आहात?" बाई म्हणाल्या. "अहो, दोन वर्षं मी भाषांतर करतेय. मला वाटायचं, काय माणूस आहे हा! जरा विचित्र लिहितो, पण काय माणूस आहे! तुमचं उदाहरण देऊन देऊन मी आमच्या यांना घरी काय काय ऐकवलंय."

"त्यांची माफी मागा," मी म्हटलं.

त्यानंतर वाट पाहणं. काट्यानं दुकानाच्या मागच्या भिंतीवर आठवडे आखले आणि रोज येऊन एक खूण करू लागला. पाचव्या आठवड्यात भट्टी म्हणाली, "आज पोचलं असेल." त्या दिवशी तिनं पावाचा एक अख्खा ट्रे जाळला. सातव्या, आठव्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी नीट बोलणं सोडून दिलं. पत्ते लिहिताना वाटायचं, आपण तिचा आधार काढून घेतला. चुकीचा का असेना, उभी तर होती त्यावर. दहावा आठवडा गेला. अकरावा गेला. उत्तर नाही. दादा म्हणाला, "पोर रागावली असेल, रागावू दे, पण परीक्षेला बसू दे." आणि तोंड फिरवून जिना उतरून गेला.

परीक्षेच्या दिवशी मी दुकानात होते. साडेबाराच्या सुमारास जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एक बाई आत आल्या. हातात खोकं नव्हतं, नुसतं पाकीट होतं.

"फोनवर 'पत्ता' म्हणून नाव सांगितलंस, ती तूच का?" त्यांनी विचारलं, आणि मी आवाज ओळखला. संस्थेच्या बाई. "परवाच आलंय हे. मला यात काही कामच नव्हतं. दोन दिवस नुसती घेऊन बसले. म्हटलं, स्वतःच नेऊन द्यावं."

त्यांनी कागद उलगडून काउंटरवर ठेवला. मी पाहिलं. ते माझंच पत्र होतं. परत आलं होतं. माझा समास, माझी सरळ ओळ, माझा 'र', ज्याची शेपटी मी जाड पेनाच्या सवयीनं जरा लांब ओढते. एकही कोरी जागा नाही.

"परत पाठवलं तिनं?" मी म्हटलं.

"अगं, वाच तरी," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भिंगामागे भरलेले होते.

मी वाचायला लागले. आणि तिसऱ्या शब्दाला कळलं की हे मी लिहिलेलं नाही.

"प्रिय चारशे बारा, हे पत्र मी भाषांतराशिवाय लिहिते. चूक असेल तर हसा. तुमच्या चोवीस पत्रांत जेवढे शब्द आहेत, तेवढेच माझ्याजवळ आहेत. भाषांतर बाजूला ठेवून मी ते एक एक शिकले. तुम्ही चार आहात हे वाचून मी एक दिवस हसले. मला वाटायचं, तुमच्या भाषेत माणूस ताजा असला की 'गेले' म्हणतो आणि थकला की 'गेलो'. वहीत तसा नियम लिहिला होता. तो खोडला. दुसऱ्या दिवशी माझी स्प्रिंग तुटली. जो माणूस मला सगळ्यात जास्त आवडत होता, तो नाही. पाय खाली टेकत नव्हते. मग आठवलं, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर दार ढकलायचं नाही, घंटा वाजवायची आणि शांत बसायचं. मी घंटा वाजवली. वॉर्डन आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला पीठ झाकतात तसं झाकून ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी उठले तेव्हा दुप्पट झाले होते. आता मी रोज झोपते. घड्याळ उघडत नाही. एकच विषय घेतला आहे. परीक्षेला एक परकी भाषा घेता येते. मी तुमची घेतली. इथे ती कुणी शिकवत नाही, माझा कागद तपासायला लांब पाठवतील. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, दहा ते एक.

एक विचारायचं आहे. तुमच्या शेवटच्या पत्रात चार हात आहेत. ते मला नीट वाचता आले नाहीत. शेवटचा तर अजिबात नाही. मी ज्या हाताला ओळखते तो त्यात नव्हता. सगळ्यात आधी मी तोच हात शिकले. पीठ नंतर, पाणी नंतर. खिडकीच्या काचेवर तुमचं पत्र आणि वर माझा कागद, रोज एक ओळ. तो हात कुणाचा आहे? तो आजारी आहे का? तो चौघांचं ऐकतो आणि काही सांडत नाही. स्वतःचं तो कधी का सांगत नाही? मला शिक्षक व्हायचं आहे. मला त्या हातासारखं व्हायचं आहे."

'अक्षर' हा शब्द आमच्या चोवीस पत्रांत एकदाही आला नव्हता. तिनं 'हात' लिहिलं होतं.

मी काउंटरवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. ओळखपाळख नसलेल्या बाईंसमोर, एका गिऱ्हाइकासमोर, वजनकाट्याला टेकून. लाज वाटली नाही. माझं अक्षर मी शाळेपासून रोज पाहत आले होते, आणि आज ते डोंगरापलीकडून माझ्याकडे पाहत होतं. कुणीतरी काचेला कागद लावून, गारठलेल्या बोटांनी, माझ्या 'र'ची शेपटीसुद्धा गिरवली होती.

"अगं, आज वीस तारीख आहे," बाई म्हणाल्या.

मी घड्याळाकडे पाहिलं. मग चौघांना फोन केले.

काटा पाच मिनिटांत हजर. त्यानं हिशोब सांगितला: तिकडचे दहा म्हणजे आपले दीड. भट्टी कोपरापर्यंत पिठानं माखलेली तशीच आली. दादा एका इमारतीत लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावून आला. शिट्टी ओल्या चपलांनी आला. मालकीणबाईंनी काय चाललंय ते विचारलं, मी सांगितलं, तर त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्याही खोक्यावर येऊन बसल्या. मी पत्र वाचून दाखवलं. दादा "दुप्पट झाले होते" या वाक्याला हसला आणि रुमालानं तोंड पुसत राहिला.

बरोब्बर दीड वाजता काटा म्हणाला, "बसली."

आम्ही सात माणसं त्या मागच्या खोलीत बसून राहिलो. करण्यासारखं काहीही नव्हतं, आणि उठून जावंसं कुणालाच वाटत नव्हतं. कुठल्यातरी थंड हॉलमध्ये, आम्ही कधी न पाहिलेल्या बाकावर, ती आमच्या भाषेत लिहीत होती. भट्टीच्या, काट्याच्या, दादाच्या, शिट्टीच्या शब्दांत, माझ्या अक्षरात. नकाशावरही बोट पुरणार नाही एवढ्या दूर.

मी एक कागद घेतला आणि लिहायला बसले. 'प्रिय' लिहिलं आणि पुढे अडले. आयुष्यात इतकी पत्रं लिहिली, पण स्वतःचं एकही नाही. मग लिहिलं, हात आजारी नाही. हात घाबरला होता. त्यानंतर मला थांबताच येईना. अडुसष्ट खोक्यांबद्दल लिहिलं. एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला एकाच पत्त्यावर रिकामं खोकं पाठवतात आणि आम्ही कधी कारण विचारत नाही, ते लिहिलं. दादाच्या घोरण्याबद्दल लिहिलं. कागद उलटला, दुसरा घेतला.

"काय लिहितेयस एवढं?" दादानं मान पुढे काढली. "वाच की जरा, छोटे."

"हे माझं आहे," मी हातानं कागद झाकला. "तुम्ही आपापली लिहा."

खोलीत फक्त माझ्या पेनाचा आवाज होता. साडेचार वाजले तेव्हा काट्यानं मान वर केली.

"सुटला पेपर," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. तीन तास सलग लिहून माझी बोटं आखडली होती. ती मी एकेक करून सरळ केली. तिनंही आत्ता तेच केलं असणार.